पेटीतला मोडी कागद, धवळारणीचा आवाज आणि पीएच.डी.चा अर्ज

वाचक विचारतात

इतिहास, भाषा, लोकसाहित्य यांतलं विद्यापीठीय संशोधन आजच्या जगण्यात नेमकं कुठे लागतं, असं विचारणारी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. जागेसाठी पत्रं कापली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : मुलगी इतिहासात एम.ए. करतेय, पुढे पीएच.डी. म्हणते. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. या संशोधनाचा आज उपयोग काय आणि घरात किती वर्षं पगार येणार नाही, हे आडपडदा न ठेवता सांगा. — एक वडील, घणसोली

आधी पैशांचं बोलू. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. ती नसेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पण त्या प्रवर्ग आणि त्या वर्षीची जाहिरात पाहून. दोन्हींपैकी काहीच नसेल तर नोकरी सांभाळून करावं लागतं आणि मग सहा वर्षं धरूनच चालावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत किमान 3 आणि कमाल 6 वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी 2 मिळू शकतात, महिला संशोधकांना त्यावर आणखी 2. सवलत आहे म्हणून ती वापरायचीच असं मात्र नाही. सातव्या वर्षी विषयातला जीव गेलेला असतो.

पात्रतेला एम.ए.ला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 5 टक्के सूट. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशालाही धरतात. निकालात तीन याद्या लागतात. पहिल्या यादीत जेआरएफ, दुसऱ्या यादीतले सहायक प्राध्यापकपदाला आणि पीएच.डी.ला पात्र, तिसऱ्या यादीतले फक्त पीएच.डी.ला. दुसऱ्या-तिसऱ्या यादीवाल्यांना प्रवेशात नेटला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि हे गुण एकच वर्ष चालतात. इथेच मुलं फसतात: परीक्षा पास होतात, मग मार्गदर्शक शोधायला निघतात आणि वर्ष सरतं. एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 एवढेच विद्यार्थी असू शकतात. म्हणून कोणाकडे जागा रिकामी होणार आहे याची चौकशी परीक्षेच्या आधी करायची. आणखी एक: इतिहासाची नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी परिभाषेची वही सहा महिने आधीपासून ठेवावी.

विषय निवडताना होणारी चूक ठरलेली आहे. ‘नवी मुंबईचा इतिहास’ हा विषय नाही, ते ग्रंथालयातलं कपाट आहे. ‘1970 ते 1990 या काळात बेलापूर पट्ट्यातल्या दोन गावांत मिठागरांचं काम सुटलेली कुटुंबं कशावर जगली’ हा विषय आहे, कारण यात काळ, जागा, माणसं आणि प्रश्न ठरलेले आहेत. अर्जाचा आराखडा पाच-सहा पानांत बसतो, पण त्यातलं साधनांचं पान सगळ्यांत महत्त्वाचं. कोणती दप्तरं, ती कुठे आहेत, बघायला मिळतील का, हे अर्ज भरण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलं असावं. निम्मे प्रबंध अडकतात ते विचार सुचत नाही म्हणून नव्हे, हवे ते कागद मिळत नाहीत म्हणून.

आता उपयोग. तुम्ही घणसोलीत राहता, तर तिथलंच उदाहरण घेऊ. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी आल्या. जमीन गेलेल्यांना मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं प्रकरण असो की गावठाणाच्या हद्दीचं, शेवटी वाद जुन्या कागदावर येतो. कागद समोर असतो, पण तो कोणी, कशासाठी बनवला हे ओळखणारा माणूस नसतो. सारा वसूल करण्यासाठी केलेल्या नोंदीत सारा देणाऱ्याचं नाव येतं. त्याच शेतावर राबणाऱ्या कुळाचं किंवा घरातल्या बाईचं येईलच असं नाही. म्हणजे ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘माणूस नव्हता’ असा होत नाही. 1882 साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचंही तसंच. माहितीची खाणच, पण ती सरकारी कारभारासाठी गोळा केलेली. त्यातलं एखाद्या जातीचं वर्णन जसंच्या तसं आजच्या लेखात चिकटवणारा माणूस इंग्रज अधिकाऱ्याचं मत पुरावा म्हणून विकत असतो.

तुमच्या धंद्याच्या भाषेतलंही एक सांगतो. खाडीकाठच्या जुन्या नोंदीत ‘खार’ शब्द दिसला तर ती जमीन बांध घालून भरतीच्या पाण्यापासून मिळवलेली. बांधाला उघाडी असायची: ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायची, भरतीला बाहेरचं अडवायची. सिडकोने धारण तलाव बांधले त्यामागे तत्त्व हेच. त्या उघाड्या कोण राखायचं, दुरुस्तीचा खर्च गावात कसा वाटून घ्यायचे, हे जुन्या कागदांतून काढणं म्हणजे इतिहासाचं संशोधन. पावसाळ्यात तळमजल्यावर पंप लावणाऱ्या सोसायटीला ते परकं वाटायला नको.

प्रश्न : आमच्या आत्याला लग्नातले धवळे (विधींची गाणी) येतात. वय 78. बेलापूरजवळच्या आमच्या गावात आता गाणाऱ्या दोघीच उरल्या. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं तर ते संशोधनाला चालेल का? — एक वाचक, बेलापूर

चालेल, पण मोबाइल जसा आहे तसा नको. पहिल्यांदा सेटिंग बदला. फोनचं नेहमीचं रेकॉर्डर अॅप आवाज दाबून साठवतं आणि दाबलेला आवाज पुन्हा फुगवता येत नाही. डब्ल्यूएव्ही फाइल बनवणारं अॅप घ्या, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट निवडा. एका माइकवर तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते, स्टिरिओत एक जीबी. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन विधीत रिंगटोन वाजते. जमलं तर हजार-दीड हजाराचा कॉलरचा माइक घ्या. नसेल तर फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, उशीवर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर ठेवला की बांगड्यांचा आवाज टेबलातून माइकमध्ये शिरतो. पंखा आणि फ्रीज बंद करा. माणसाच्या कानाला पंखा ऐकू येईनासा होतो, माइकला होत नाही. अॅपमध्ये आवाजाची पट्टी दिसत असेल तर सर्वांत मोठा सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. धवळारीण, म्हणजे धवळे गाणारी बाई, एकदम वरचा सूर लावते आणि तिथे आवाज फाटला तर तो फाटलेलाच राहतो.

लग्नातच रेकॉर्ड करावं की घरी बसवून? दोन्ही. मांडवात डीजे असतो, पोरं असतात, शब्द नीट लागत नाहीत. पण कोणत्या विधीला कोणता धवळा, मध्ये कोण काय बोलतं, कोण साथ देतं, हे तिथेच कळतं. घरी शब्द स्वच्छ मिळतात, क्रम मात्र हरवतो. शिवाय काही बाया लग्न नसताना हळदीचं गाणं म्हणायला तयार होत नाहीत. त्यांना गळ घालू नका. त्या ‘नाही’ला काय कारण आहे ते विचारा आणि तेही रेकॉर्ड करा. संशोधकाला कधीकधी तेच जास्त कामाचं असतं.

पहिल्या बैठकीत नुसतं गाऊ द्या, मध्ये थांबवून अर्थ विचारू नका. दुसऱ्या बैठकीत तेच रेकॉर्डिंग त्यांना ऐकवून एकेका ओळीवर थांबा. झाडं, मासे, दागिने, मांडवाचं सामान, जागांची नावं. ज्या खाजणावर आज सेक्टर आहे त्याचं नाव गाण्यात असेल तर ते दुसऱ्या कुठल्याच कागदात नसण्याची शक्यता आहे.

मुलाखतीत बिघडतं ते प्रश्नामुळे. ‘पूर्वी किती छान होतं ना, आत्या?’ असं विचारलं की उत्तर आपणच दिलेलं असतं. ‘मांडवाला माणसं कुठल्या पाड्यावरून यायची?’, ‘मिठागरावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचात?’ असे हाताला लागणारे प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला जड जाते, म्हाताऱ्या माणसाला ती आठवायला हवी असते. सालं विचारू नका. ‘वाशीचा पूल झाला त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारा, म्हणजे 1973 ची खूण मिळाली. जमिनींसाठीचं जासईचं आंदोलन म्हटलं की 1984. 26 जुलैचा पाऊस म्हटलं की 2005. तरीही सांगण्यात चूक निघाली तर ती रेकॉर्डिंगमध्ये दुरुस्त करायची नाही, टिपणात लिहायची.

लिहून काढायला तासाभराच्या बोलण्याला सहा-आठ तास लागतात, गाण्याला त्याहून जास्त. आत्या ‘पानी’ म्हणाल्या तर ‘पानी’च लिहा, ‘गारी’ म्हणाल्या तर ‘गारी’. ‘पाणी’ आणि ‘गाडी’ केलंत की आगरी बोली पुसून तिथे शाळेचं पुस्तक आलं. वाटल्यास शेजारी प्रमाण मराठीतला अर्थ द्या. ईलान नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं. त्यात आवाजाच्या प्रत्येक तुकड्याखाली मजकूर बसवता येतो, म्हणजे पुढच्या माणसाला तुमच्या लिहिण्यावर विसंबून राहावं लागत नाही, तो तिथेच ऐकू शकतो.

परवानगी तीन पायऱ्यांत घ्या: घरच्यांनी ऐकायला, ग्रंथालय किंवा विद्यापीठात ठेवायला, इंटरनेटवर टाकायला. पहिल्या दोन्हींना हो आणि तिसरीला नाही, असं होऊ शकतं. लिहिता येत नसेल तर परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी घ्या: नाव, गाव, तारीख, कशासाठी. फाइलच्या नावात तारीख आणि क्रमांक टाका आणि कोण, कुठे, काय हे वेगळ्या वहीत. तीन प्रती करा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. गावातल्या पहिल्या मजल्यावर ठेवलेली हार्ड डिस्क ही प्रत म्हणून ठीक, पण एकुलती एक प्रत म्हणून नाही.

आणि दुसऱ्या बाईंकडेही जा. दोघींच्या पाठात जिथे फरक पडतो तिथेच अभ्यासाला खरी सुरुवात होते.

प्रश्न : ठाण्यात राहून संशोधनासाठी काय-काय वाचायला मिळेल? दर वेळी फोर्टला जाणं परवडत नाही. — एक विद्यार्थिनी, कळवा

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचं आहे. जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं यांसाठी सुरुवात तिथून करावी. आधी झालेले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आपल्या विषयावर कोणी काम केलंय का, हे पाहायची पहिली जागा तीच. ठाण्याच्या गॅझेटियरचा 13 वा खंड दोन भागांत आहे, तोही संगणकावर वाचता येतो. फोर्टला जावं लागेल ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारासाठी. तिथे रिकाम्या हाताने जाऊ नका. विभागाचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्र आणि काय हवं त्याची साल-खात्यासकट यादी न्या. पेन नको, पेन्सिल न्या. ‘ठाण्याबद्दल काही आहे का’ असं विचारलं तर कोणीच काही देऊ शकत नाही. ‘महसूल खातं, अमुक ते अमुक साल’ असं सांगितलं की काम हलतं.

प्रश्न : नौपाड्यातलं घर पुनर्विकासाला जातंय. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत मोडी कागद सापडले, दीड-दोनशे असतील. काही चिकटलेत. कोणी म्हणतं लॅमिनेट करा, कोणी म्हणतं पेशवाईतले आहेत. — एक वाचक, ठाणे

लॅमिनेट करू नका. प्लास्टिक तापून कागदात शिरतं, ते पुन्हा सुटत नाही. सेलोटेप नको, इस्त्री नको, उन्हात वाळवणंही नको. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, तसेच वेगळे ठेवा. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

पेटी रिकामी करण्यापूर्वी आत कागद कसे लावलेले आहेत त्याचे फोटो काढा. कोणता कागद कोणत्या पुडक्यात होता हीसुद्धा माहिती आहे आणि एकदा ढीग झाला की ती गेली. मग मऊ पेन्सिलीने प्रत्येकाच्या मागच्या कोपऱ्यात क्रमांक घाला. गंजलेली टाचणी उपटायची नाही, खाली पातळ पुठ्ठा सरकवून हळू काढायची. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोन कागदाला समांतर धरून काढा. प्रत्येक फोटोत क्रमांकाची चिठ्ठी आणि पट्टी असू द्या. मागची बाजूही घ्या, शेरे बऱ्याचदा तिथेच असतात. नंतर धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात बांधा. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद ‘रुमाला’त असतात ते उगाच नाही: कापडातून हवा खेळते, प्लास्टिकच्या पिशवीत ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही. कसर आणि वाळवीसाठी पेटी भिंतीपासून सुटी आणि जमिनीपासून उंच ठेवा.

आता पेशवाईचं. होऊ शकतं, पण आशा आवरती घ्या. ठाण्यातल्या घरांत बहुधा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली गहाणखतं, कर्जरोखे, जमाखर्च निघतात. छापील स्टॅम्प असलेला कागद इंग्रजी अमलातला, एवढं मोडी न येताही कळतं. ठाणे मराठ्यांनी 1737 मध्ये घेतलं आणि 1774 च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेलं. म्हणजे ठाण्यातल्या पेशव्यांच्या अंमलदाराचा कागद असेल तर तो या सदतीसेक वर्षांतला असायला हवा. खाडीपलीकडच्या कल्याण-भिवंडीचा हिशेब वेगळा.

तारीख वाचताना मोडी शिकलेलेही चुकतात. पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन (तेव्हाच्या कारभारातली कालगणना) अरबी शब्दांत असतो, तोही एकं, दहं, शतक, सहस्र अशा उलट्या क्रमाने. समजा ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असं आहे. तिसा 9, सलासीन 30, मया 100, अलफ 1000, मिळून 1139. हा सन मृगाला, म्हणजे मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. इथे 1738-39 आलं, वसईच्या मोहिमेचं साल. सरसकट 600 मिळवणारा अर्ध्या वर्षाचे कागद एक साल पुढे ढकलतो. ‘सलास’ म्हणजे 3 आणि ‘सलासीन’ म्हणजे 30, तेही नीट बघा. फसली सन, म्हणजे महसुलासाठीची गणना, सुहूरच्या 9 ने पुढे असतो, म्हणून त्यात 590 किंवा 591, आणि शकात 78, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79. फसलीला शक समजलात तर कागद पाच शतकं मागे जातो आणि वर्तमानपत्रात ‘तेराव्या शतकातला मोडी दस्तऐवज’ अशी बातमी येते.

वाचायला कठीण का? लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि खाली अक्षरं टांगत जातो. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून अक्षर ओळखता येणं पुरत नाही, त्या प्रकारच्या कागदात पुढे काय येतं हे माहीत असावं लागतं. ‘मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत साष्टी’ हा क्रम ठरलेला, तारखेआधी चंद्राचा ‘छ’ ठरलेला. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. 2023 मध्ये कुणबी नोंदी तपासायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. तोवर मोडी म्हणजे निवृत्तांचा छंद अशीच समजूत होती. वाचून घ्याल तेव्हा नुसता ‘सारांश’ मागू नका. ओळीला ओळ लिप्यंतर मागा आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबं ठेवायला सांगा. एकही टिंब नसलेलं लिप्यंतर आलं तर दुसऱ्याला दाखवा.

मूळ कागद द्यायचे नसतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला निदान फोटोंची प्रत द्या. बिल्डरला घराची किल्ली देण्याआधी माळा पुन्हा एकदा पाहा. हिशेबाच्या वह्या पेटीत मावत नाहीत, त्या वाशामागे असतात.

प्रश्न : मी ऐरोलीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता यंत्रच मराठी लिहितं-वाचतं. मग मराठी भाषाशास्त्रातलं संशोधन कोणासाठी? — एक वाचक, ऐरोली

तुमच्याच टीमसाठी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. पहिला कोळ्याचा समुद्र, दुसरा दरीचं अनेकवचन. फरक एवढाच की एकात रफार आहे आणि दुसऱ्यात र आडवा होऊन य ला चिकटतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, हा आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. मजकूर ‘साफ’ करताना कोणी ती न दिसणारी चिन्हं सरसकट उडवली की दऱ्यांचा दर्या होतो. हे कोडमधलं व्यंग नाही, मराठी कशी लिहिली जाते ते ठाऊक नसल्याचा परिणाम आहे.

बोलींचं दुखणं याहून मोठं. यंत्र लिहिलेल्या मजकुरावर शिकतं आणि आगरीसारख्या बोलीत लिहिलेलं फार थोडं. जॉर्ज ग्रिअर्सनने इंग्रजी अमलात केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा 7 वा खंड 1905 चा. त्याने जागोजागी बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट स्थानिक बोलीत करून घेतली, म्हणून नमुने शेजारी-शेजारी ठेवून ताडता येतात. पण ते भाषांतर आहे, बोलणं नव्हे. बाजारात, होडीवर, भांडणात माणूस कसा बोलतो ते त्यात नाही. वर बेलापूरच्या वाचकांना जे रेकॉर्डिंग सांगितलं ते या कामाचाच कच्चा माल.

तुम्ही मराठी मजकुरावर काम करत असाल तर उद्या एवढं करा. आडव्या र ची दोन्ही रूपं आधी एकाच रूपात आणा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधून बदललेल्या फाइली वेगळ्या काढून प्रत्येकीतली दोन-दोन पानं डोळ्यांनी वाचा, कारण रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात. मगच शब्द मोजायला घ्या.